बीआरझेडला जाड स्वे बार: पुढचा, मागचा की दोन्ही?

फ्रीमाँटचा_फिरस्ता
मंडळी, गाडी २०१३ची सुबारू बीआरझेड, मॅन्युअल. सस्पेन्शन सगळं कंपनीचं. टायर तेवढे बदललेत: मूळचे मिशेलिन प्रायमसी (ज्यांना लोक 'प्रियसचे टायर' म्हणून हिणवतात तेच) संपल्यावर चांगले चिकट उन्हाळी टायर टाकले. रोज ऑफिसला हीच गाडी, आणि जमेल तसं थंडरहिलच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे.

तिथलं दोन नंबरचं वळण ज्यांनी मारलंय त्यांना लगेच कळेल. डावं, लांबलचक, संपता संपत नाही. मध्यावर पोचेपर्यंत गाडी उजवीकडे चांगलीच कलते आणि मग नाक बाहेर जायला लागतं. स्टिअरिंग आणखी वळवून काही होत नाही, पुढचे टायर नुसते कुरकुरतात. ॲक्सिलरेटर जरा सोडला की नाक परत आत येतं, पण तोवर मागचा मियाटावाला आरशात भरलेला असतो.

माझ्या गाडीला मूळचे स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणातलं कलणं रोखणारे पिळाचे दांडे) पुढे १८ मिमी आणि मागे १४ मिमी आहेत. बाजारात २० आणि १६ची जोडी मिळते, चारशे-पाचशे डॉलरपर्यंत. त्याहून जाड आणि पोकळ बारही दिसले. दोन्ही टाकू, एकच टाकू, की हा नादच सोडू? आणि घरच्या ड्राइव्हवेवर हे काम जमेल का? साधारण पान्यांचा संच, जॅक आणि दोन स्टँड आहेत.

नटबोल्ट
मागचा टाक. नाक बाहेर जातंय ना, मग मागचा. विषय संपला.

शंकेखोर
चारशे डॉलर वाचवायचा उपाय सांगतो: वळणावर हळू जा. फी नको.

नटबोल्ट
@शंकेखोर, तुम्ही गाड्यांच्या धाग्यावर का येता हो दरवेळी?

शंकेखोर
वाचायला आवडतं. चालवायला बायको देत नाही.

डेट्रॉइटकाका
नटबोल्टने सांगितलं ते दिशेपुरतं बरोबर आहे, पण विषय संपलेला नाही. जरा लांबड लावतो.

स्वे बारने पकड वाढते, ही समजूत आधी काढून टाका. वळणात भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो ते गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर यांवर ठरतं. या यादीत बार कुठेच नाही. फिरस्त्याच्याच गाडीचा हिशेब मांडू. ड्रायव्हर धरून साधारण १,३३० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिमीवर. या गाडीच्या जाहिरातीत हा आकडा फार मिरवला गेला होता. चाकांतलं अंतर सरासरी १.५३ मीटर. वळणात ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोर लागला की सुमारे ३६० किलो भार आतून बाहेर जातो. बार मनगटाएवढा जाड टाका, नाहीतर काढून भंगारात द्या, हे ३६० किलो जाणारच. त्यातले पुढच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती, एवढंच बार ठरवतो.

आता टायरचा स्वभाव. त्याच्यावर भार दुप्पट टाकला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीच्या दोन चाकांवरच्या भारात तफावत जास्त, त्या जोडीची मिळून पकड कमी. पुढचा बार ताठ केला की पुढची जोडी आधी हात टेकते, नाक बाहेर जातं. मागचा ताठ केला की मागची जोडी आधी सुटते, शेपूट बाहेर येते. नटबोल्टचा सल्ला इथून येतो. पण त्यात पुढची पकड वाढवण्यापेक्षा मागची घटवून समतोल साधलेला असतो, हे लक्षात असू दे.

दुसरं, मिलिमीटरला हसू नका. भरीव बारचा पिळाला ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १८चा २० केला तर तो ५२ टक्के वाढतो. १४चा १६ केला तर ७१ टक्के. दोन्हीकडे २-२ मिमीच वाढवले म्हणजे समतोल जिथे होता तिथेच राहिला असं वाटतं, पण ही जोडी मुळातच थोडी मागच्या बाजूने झुकलेली आहे. (हे टक्के नुसत्या बारचे. कलणं रोखण्यात स्प्रिंगचाही वाटा असतो, त्यामुळे गाडीत जाणवणारा फरक बराच कमी.)

पोकळ बार चांगले, महाग आहेत इतकंच. पिळाचा भार बाहेरचं लोखंड उचलतं, मधलं नुसतं वजन. बाहेरून २५ मिमी आणि भिंत ४ मिमी असा पोकळ बार २३.५ मिमीच्या भरीव बारइतका ताठ असतो आणि वजनाला जवळजवळ ४० टक्के हलका. पण तुझ्या गाडीला २३.५ मिमीचं काय काम?

फ्रीमाँटचा_फिरस्ता
काका, साष्टांग. पण मग सगळे कंपनीवाले बारीक बार का देतात?

डेट्रॉइटकाका
कारण गाडी फक्त ट्रॅकवर चालत नाही. बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधणं. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्यालाही पोचतो आणि गाडी डावी-उजवी डोकं हलवत चालते. शिवाय बारने वाढलेला ताठपणा आवरायचं काम शॉक ॲब्सॉर्बरलाच करावं लागतं, आणि कंपनीचे शॉक त्या हिशेबाने बनवलेले नसतात. शेवटचं कारण वकिलांचं: ओल्या रस्त्यावर घाबरून पाय उचलणाऱ्या माणसाचं नाक बाहेर गेलेलं परवडतं, शेपूट बाहेर गेलेली नाही.

अवांतर: या बारचं पहिलं पेटंट १९१९ साली कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना मिळालं होतं.

रेवती_सिअ‍ॅटल
काका, गणिताला माझा आक्षेप नाही, निष्कर्षाला आहे.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (चाक वरून एकाच उभ्या शॉकने धरलेलं), मागे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आडव्या बाहूंनी धरलेलं). स्ट्रटची खोड अशी की गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं. आणि बीआरझेड कारखान्यातून येते तेव्हा पुढचा कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल) जवळजवळ शून्य असतो, मागचा एक अंशाहून थोडा जास्त निगेटिव्ह, म्हणजे वरची कड आत. म्हणजे भर वळणात पुढचा बाहेरचा टायर सपाट बसायच्या ऐवजी बाहेरच्या कडेवर उभा राहतो. अर्धं रबर रस्त्याला लागतच नाही! अशा वेळी पुढचा बार ताठ केला तर भाराच्या हिशेबात थोडं गमावतो, पण कलणं कमी झाल्याने टायर सपाट बसतो आणि तिथे कमावतो. कित्येक स्ट्रटवाल्या गाड्यांत ही कमाई जास्त भरते.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. एससीसीए या अमेरिकी क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये (मैदानात शंकू मांडून केलेली वेळेची शर्यत) स्ट्रीट वर्गाच्या नियमानुसार एकच बार बदलता येतो, पुढचा किंवा मागचा. या गाडीवाले आमच्याकडे बहुतेक पुढचाच बदलतात. मी पण. शंकूंमधून झपाझप डावं-उजवं करताना गाडी ताबडतोब ऐकते.

मागचा बार फार ताठ केला तर आणखी एक भानगड. वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक हलकं होतं. आपल्या गाडीला टॉर्सेन डिफरन्शियल आहे (जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त ताकद पाठवणारं), पण टॉर्सेनला त्या चाकावर थोडी तरी पकड लागते. चाक हवेत गेलं की ते साध्या, ओपन डिफरन्शियलसारखंच वागतं, चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी पुढे जात नाही.

नटबोल्ट
म्हणजे नाक बाहेर जातंय म्हणून पुढचा बार जाड? ताई, हे 'पोट बिघडलंय, अजून दोन वडापाव घे' झालं.

रेवती_सिअ‍ॅटल
वडापाव नाही, कॅम्बर. नीट वाचा.

डेट्रॉइटकाका
रेवतीचं म्हणणं खरं आहे. माझं गणित टायर सपाट आहे असं धरून केलेलं. भांडण मिटवायचा सोपा मार्ग: फिरस्ता, पुढचे टायर बघ. ट्रॅकवरून आल्यावर बाहेरची कड आणि आतली कड यांत काय फरक आहे?

फ्रीमाँटचा_फिरस्ता
आत्ता गॅरेजमध्ये जाऊन टॉर्च मारून आलो. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत, खांद्यावरचा लिहिलेला छोटा त्रिकोण पण घासला गेलाय. बाहेरचे ब्लॉक एका बाजूने खरवडल्यासारखे. आतल्या बाजूला मात्र रबराचे केस अजून शाबूत आहेत! डावीकडे तेच, जरा कमी. मागचे दोन्ही टायर एकसारखे झिजलेत.

रेवती_सिअ‍ॅटल
बघा.

डेट्रॉइटकाका
मग बार नंतर. आधी कॅम्बर बोल्ट घाल. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट असतात, त्यातल्या एकाच्या जागी थोडा बारीक, विकेंद्री बोल्ट जातो. वीस-चाळीस डॉलरचा मामला, वर अलाइनमेंटचा खर्च. एक-सव्वा अंश निगेटिव्ह सहज मिळतो. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहिल्यास चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) पण बदलतो, त्यामुळे अलाइनमेंट केल्याशिवाय हायवेवर जाऊ नको, नवीन टायर आतून खाशील. त्यानंतर एक ट्रॅक डे कर, आणि तरी तक्रार उरली तर बारचं बोलू. टायर, मग अलाइनमेंट, मग बार. लोक नेमकं उलट करतात, कारण लाल पावडर कोटिंग केलेला बार फोटोत छान दिसतो.

चाकणकर
धागा वाचतोय, मजा येतेय. माझ्याकडे पोलो जीटी, आमच्या चाकणलाच जन्मलेली. २०२२ला पोलो बंद झाली तेव्हा कारखान्यावरून जाताना जीव हळहळला होता. मागे तिला स्टॅबिलायझर रॉड, म्हणजे तुमचा स्वे बार, दिसतच नाही. टाकता येईल का?

डेट्रॉइटकाका
पोलोला मागे ट्विस्ट बीम आहे, दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई. ती स्वतःच पिळली जाते, म्हणजे बारचं काम तीच करते. बाहेरच्या बाजारात मिळतो तो त्या तुळईला समांतर बोल्टने बसवायचा जादा दांडा. परिणाम तोच: मागची जोडी ताठ, नाक जरा आत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जड नाकाच्या गाडीला तो मानवतो. पण बीमची आणि बोल्टांची अवस्था बघून.

शंकेखोर
चाकणकर, आरटीओचं काय?

चाकणकर
हो, तेही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. दांडा गाडीखाली असल्याने रस्त्यात कोणाला दिसत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो तेव्हा दिसतो. मी आपला नुसता वाचतो.

फ्रीमाँटचा_फिरस्ता
धागा वर काढतोय. कॅम्बर बोल्ट घातले, पुढे दोन्हीकडे साधारण १.३ अंश निगेटिव्ह मिळाला, टो शून्यावर. परवा थंडरहिल करून आलो. दोन नंबरच्या वळणात फरक जमीन-अस्मानाचा! नाक अजूनही आधी जातं, पण खूप उशिरा, आणि कळवून जातं. टायरची कड पण आता जरा माणसात आहे.

आता उरलंय ते कलणं. नऊ-दहा नंबरच्या वळणांत दिशा बदलताना गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर यायला वेळ घेते, तोवर मी वाट बघत बसतो. तेव्हा २०-१६ची जोडी मागवली. मागच्या बारला जोडणीसाठी दोन भोकं आहेत, एक मऊ आणि एक ताठ. आता बसवण्याबद्दल सांगा.

नटबोल्ट
आता माझा प्रांत. न्यू जर्सीत मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांचे बोल्ट सोडवून हाताला घट्टे पडलेत, तुम्ही कॅलिफोर्नियावाले सुखी आहात.

गाडी उचलताना एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम उचलायची, दोन्ही स्टँडवर, दोन्ही सारखी लोंबत असली पाहिजेत. एकच बाजू उचललीस तर बार पिळलेला राहतो. लिंकचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) नट सुटला की लिंक ताडकन उडते, आणि परत बसवताना भोकं काही केल्या जुळत नाहीत. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो.

लिंकच्या नटावर आदल्या रात्री भेदक तेल मार. नट फिरवायला गेलास की आतला बॉल-स्टडही त्याच्याबरोबर गरगर फिरतो, इथे नवशिके तास घालवतात. स्टडच्या टोकाला षटकोनी खाच असते: तिथे ॲलन की घालून स्टड धरायचा आणि बाहेरून रिंग पान्याने नट फिरवायचा. खाचेत आधी घाण खरवडून काढ, नाहीतर की घसरून खाच गोल होते, मग आरीच काढावी लागते. इम्पॅक्ट गन इथे वापरू नको, रबरी बूट फाटतो.

पुढे इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढावं लागेल. त्याच्या क्लिप म्हाताऱ्या झाल्या असतील, चार-पाच जादा आणून ठेव. मग बुशचे (बारला धरणाऱ्या रबरी कड्यांचे) ब्रॅकेट सोडून बार एका बाजूने सरकवत, जरा तिरका करत बाहेर. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ: बारचा बाक वर की खाली, लिंक आतल्या बाजूला की बाहेरच्या. नवीन बार उलटा बसतोही, आणि मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की भलत्याच गोष्टीला घासतो.

नवीन बारबरोबर पॉलीयुरेथेनचे बुश येतात. पाकिटातलं ग्रीस आतून सढळ हाताने लाव, बारला आणि बुशच्या चिरेलाही. साधं पेट्रोलियम ग्रीस नको, सिलिकॉनवालं चिकट ग्रीसच. ब्रॅकेट आवळल्यावर बार हाताने वर-खाली फिरला पाहिजे. जाम असेल तर काहीतरी वाकडं बसलंय. बार डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून बुशला लागून कॉलर येतात, त्या मध्यावर मोजून आवळ.

आता मुद्द्याचं. लिंकचे नट हाताने लाव आणि गाडी चाकांवर आण. रॅम्प असतील तर दोन्ही चाकं रॅम्पवर चढव, मग खाली शिरायला जागाही मिळते. शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर असताना, सर्व्हिस मॅन्युअल बघून. गाडी सपाट उभी असताना दोन्ही लिंकमध्ये ताण नको. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंक घेतल्या असशील तर एक बाजू जोडून दुसरी अशी फिरव की बोल्ट बोटाने आत जाईल. ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाएवढं काहीतरी ठेवलंस तर उत्तम. बारमध्ये आधीच पीळ राहिला तर गाडी डाव्या वळणात एक वागते आणि उजव्या वळणात दुसरं. मग लोक शॉक बदलतात, टायर बदलतात, भटजी बोलावतात.

शंभरेक मैलांनी सगळे नट परत एकदा तपास.

रेवती_सिअ‍ॅटल
झकास लिहिलंय. एक भर: मागच्या बारचे ब्रॅकेट ज्या पत्र्याला बसतात तिथे ताठ बारमुळे जास्त ताण येतो. १६ मिमीला चालून जाईल, त्याच्या वर जायचं तर मजबुतीचे ब्रॅकेट घे. आणि दोन भोकांपैकी सुरुवात बाहेरच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मऊ भोकापासून कर. दांडा २५० मिमीवरून २३० केला तरी ताठपणा १८ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा भोक बदलणं किरकोळ समजू नकोस.

फ्रीमाँटचा_फिरस्ता
बसवले. पुढच्या बारला दुपार गेली, मागचा चहा थंड व्हायच्या आत झाला.

आधी मऊ भोकावर चालवली. कलणं नक्की कमी झालंय, पण फेरीच्या वेळेत काडीचा फरक नाही, हे काकांना आवडेल. फरक पडला तो दिशा बदलताना: स्टिअरिंग फिरवलं की गाडी फिरते, मधे विचार करत नाही. दुपारनंतर मागचं ताठ भोक करून पाहिलं. दोन नंबरला नाक जवळजवळ रेषेत, मस्त! पण आठ नंबरच्या वेगवान डाव्या वळणात जरासा पाय उचलला तर शेपटीने असा झटका दिला की पुढची फेरी मी गुमान चालवली. संध्याकाळी परत मऊ भोकावर आणून घरी आलो.

रोजच्या वापरात: ८८० हायवेच्या खाचखळग्यांवर गाडी डोकं हलवते, काकांनी म्हटलं होतं तस्संच. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "गाडीला काय झालंय?"

शंकेखोर
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

चाकणकर
मागून चूं-चूं आवाज येतो का? इथे एकाने पॉली बुश टाकले, स्पीडब्रेकरवर पलंगासारखी वाजते गाडी.

नटबोल्ट
ग्रीस कमी किंवा चुकीचं. ब्रॅकेट सोडून, पुसून परत लावा. ज्यांच्या ब्रॅकेटला ग्रीसचं निपल असतं ते सुखी.

फ्रीमाँटचा_फिरस्ता
माझे अजून मुके आहेत. जुने बार विकायला काढू का? गॅरेजमध्ये पायात येतायत.

रेवती_सिअ‍ॅटल
पुढचा विक, मागचा ठेव. पुढेमागे ऑटोक्रॉसला आलास तर दोन्ही बार बदललेली गाडी स्ट्रीट वर्गात बसत नाही, स्ट्रीट टूरिंगमध्ये जाते, आणि तिथे बाकीचे कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) घालून आलेले असतात. मागचा १४चा परत लावलास की पुढचा २०चा ठेवून स्ट्रीटमध्ये. कॅम्बर बोल्टचं मात्र त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून बघ.